गव्हाणीचा दोष गाईच्या माथी

हिंगोली जिल्ह्यात दुधाचा धंदा का रुजत नाही, या प्रश्नाला दूध संकलन केंद्रापासून शासकीय बैठकीपर्यंत एकच ठरीव उत्तर मिळते: येथील गाय मुळातच कमी दुधाची, पाऊस बेभरवशाचा, चारा अपुरा आणि शेतकऱ्याने घरी कालवलेले आंबोण निकस, तेव्हा संकरित गाय आणावी, तिला कारखान्यातून आलेल्या पोत्यातील खाद्य घालावे आणि घरचे खाद्य हा जुन्या काळचा विषय समजून सोडून द्यावा. या उत्तराच्या प्रत्येक तुकड्यात थोडे तथ्य आहे आणि म्हणूनच ते कोणी मुळापासून तपासून पाहत नाही. प्रस्तुत लेखाचा दावा असा की, या जिल्ह्यातील गाईच्या पोटात चाऱ्याचे वजन बऱ्यापैकी जाते, पण कस जात नाही. हा कस शेतातून गव्हाणीपर्यंत येताना गळून जातो आणि तो शेतकऱ्याच्या घरीच, फार मोठ्या खर्चाविना, भरून काढता येतो.

विरुद्ध पक्षाचा सर्वांत भक्कम आधार आकडेवारीचा आहे. झाशी येथील भारतीय चराई व चारा संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार देशात हिरव्या चाऱ्याची तूट ३५ टक्क्यांच्या पुढे, कोरड्या चाऱ्याची ११ टक्क्यांच्या आसपास आणि पशुखाद्याची ४४ टक्के आहे. हे आकडे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ते संपूर्ण देशाचे आहेत आणि त्यांतून हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत या पाच तालुक्यांतील गव्हाणीत काय पडते हे कळत नाही. शिवाय या आकड्यांतही कोरड्या चाऱ्याची तूट सर्वांत कमी आहे, हे सोयीस्करपणे नजरेआड केले जाते. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा सोयाबीन, तूर, हरभरा, कापूस आणि हळद यांचा आहे; पूर्णा नदीच्या लाभक्षेत्रात त्यात उसाची भर पडते. म्हणजे शेंगवर्गीय पिकांचे भुसकट, तुरीचे कुटार, डाळ गिरणीतील चुनी, सरकीची ढेप आणि उसाचे वाढे ही सारी सामग्री जिल्ह्यात आहे. नाहीसा झाला आहे तो ज्वारीचा कडबा. खरिपातली ज्वारी मराठवाड्यातून हटली, तिची जागा सोयाबीनने घेतली, आणि धान्याबरोबर चाराही देणारे पीक जाऊन केवळ बाजारासाठी पिकणारे पीक आले. चाऱ्याच्या प्रश्नाचा उगम या बदलात आहे. गाय होती तशीच राहिली. तिच्या पुढ्यात येणारी वस्तू मात्र पार बदलली, आणि त्या नव्या वस्तूला खाण्याजोगी कशी करावी हे शेतकऱ्याला कोणी नेटाने शिकवले नाही.

सोयाबीनच्या मळणीनंतर यंत्राच्या तोंडाशी जो ढीग पडतो, तो जवळून पाहिला तर हा मुद्दा स्पष्ट होतो. त्यात बोटाएवढ्या लांबीचे टणक दांडके असतात, शेंगांची पातळ टरफले असतात, थोडा पाला असतो आणि बरीच माती व धूळ असते. गाय त्यातली टरफले जिभेने वेचून खाते आणि दांडके गव्हाणीच्या कडेला सारते. संध्याकाळी ते शेणात जातात आणि मालक म्हणतो की गाय भुसकट खात नाही. टरफलांत प्रथिने व पचनीय भाग दांडक्यांपेक्षा बराच अधिक असतो, तर दांडक्यांत लिग्निनचे, म्हणजे वनस्पतीच्या पेशींना लाकडासारखा टणकपणा देणाऱ्या घटकाचे, प्रमाण मोठे असते. जाड चाळणीतून एकदा चाळले तर धूळ आणि माती निघून जाते; दांडक्यांची पुन्हा बारीक कुट्टी केली तर वेचून टाकण्याची संधी कमी होते. एवढे साधे काम न करता अनेक शिवारांत हरभऱ्याच्या पेरणीसाठी रान मोकळे करण्याच्या घाईने हे ढीग पेटवून दिले जातात, आणि त्याच गावातले पशुपालक पुढे मार्च-एप्रिलमध्ये कडब्याच्या पेंढीसाठी शोधाशोध करतात. ज्या गावात चारा जाळला जातो त्या गावात चाऱ्याची टंचाई निसर्गाने आणली असे म्हणणे सत्याला धरून नाही.

येथे आक्षेप घेतला जातो की भुसकट आणि कडबा यांत कसच नसतो, तेव्हा ते वाचवून उपयोग काय. कडब्यात क्रूड प्रथिने साधारण ३ ते ४ टक्के आणि सोयाबीनच्या भुसकटात ४ ते ५ टक्क्यांच्या आसपास असतात, हे खरे. पण या आकड्यांचा अर्थ लावण्यासाठी गाय चारा पचवते कशी हे पाहावे लागते. गाईच्या चार कप्प्यांच्या पोटातला सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट. तेथे अब्जावधी सूक्ष्मजीव राहतात आणि चाऱ्यातील तंतू गाय स्वतः नव्हे, तर हे सूक्ष्मजीव फोडतात. त्यांना वाढण्यासाठी नत्र लागते, आणि एकूण आहारातील प्रथिने ७ टक्क्यांच्या खाली गेली की नत्राअभावी त्यांची संख्या घटते, चारा कोटीपोटात नेहमीपेक्षा अधिक वेळ पडून राहतो, पोट भरलेले वाटते आणि गाय पुढचा घास घेत नाही. भुसकटावर बांधलेली गाय तासन्‌तास रवंथ करूनही खंगत जाते, याचे कारण हे आहे. याचा व्यावहारिक निष्कर्ष विरुद्ध पक्षाच्या नेमका उलट निघतो: निकस चाऱ्यात थोड्या नत्राची भर घातली, तर गाय तोच चारा अधिक खाते आणि खाल्लेला अधिक पचवते. थोडी ढेप, थोडा शेंगवर्गीय हिरवा पाला किंवा युरियाची प्रक्रिया, यांपैकी कोणत्याही मार्गाने ही भर घालता येते.

युरिया प्रक्रियेची पद्धत अनेक दशकांपासून माहीत आहे आणि तरीही जिल्ह्यात ती अपवादानेच दिसते. १०० किलो कोरड्या चाऱ्यासाठी ४ किलो युरिया सुमारे ५० ते ६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थरावर थर शिंपडायचा, प्रत्येक थर पायाने दाबून हवा काढायची, वरून ताडपत्री किंवा प्लास्टिकने हवाबंद करायचे आणि २१ दिवस उघडायचे नाही. या काळात युरियापासून अमोनिया तयार होतो, तो तंतूंची घट्ट वीण सैल करतो आणि चाऱ्यातील क्रूड प्रथिने दुपटीच्या जवळ जातात. ढीग उघडल्यावर चारा काही वेळ पसरून ठेवला म्हणजे उग्र वास निघून जातो. सुरुवातीला गाय तोंड फिरवते, पण थोड्या थोड्या प्रमाणात सवय लावली की आवडीने खाते. सहा महिन्यांखालील वासरांना मात्र हा चारा कधीही देऊ नये, कारण त्यांचे कोटीपोट पुरते विकसित झालेले नसते. युरिया पाण्यात कालवून थेट गव्हाणीत ओतणे किंवा तो न विरघळता खडे राहू देणे जीवघेणे आहे, आणि अशा चुकांतून झालेल्या विषबाधांमुळेच ही पद्धत बदनाम झाली आहे. बदनामीचे उत्तर प्रशिक्षण हे आहे. पद्धतच टाकून देणे म्हणजे अपुऱ्या शिकवणीची किंमत गाईकडून वसूल करणे होय.

आता पोत्याकडे वळावे. तयार पशुखाद्याला नावे ठेवण्याचा हा लेख नाही. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस २०५२ या मानकात पशुखाद्यातील प्रथिने, स्निग्धांश, तंतू आणि आम्लात न विरघळणारी राख, म्हणजे प्रामुख्याने माती-वाळू, यांच्या मर्यादा ठरवून दिलेल्या आहेत. त्या पाळणाऱ्या कारखान्याच्या खाद्यात जीवनसत्त्वे व खनिजे मोजून घातलेली असतात, कांडी स्वरूपामुळे गाईला नको ते वगळता येत नाही, आणि घरी वजनकाटा घेऊन बसण्याची सवड नसलेल्या कुटुंबाचे श्रम त्याने वाचतात. हे गुण मान्य करूनही पोते हे पूरक खाद्य आहे, मूळ आहार नव्हे, ही गोष्ट त्याच्या विक्रीच्या भरात दडपली जाते. निकस भुसकटावर उभ्या असलेल्या गाईला दूध वाढावे म्हणून केवळ खुराक वाढवत नेले, तर कोटीपोटातील आम्लता वाढते आणि तंतू पचवणारे सूक्ष्मजीव मागे पडतात. दुधातील स्निग्धांश, म्हणजे केंद्रावर ज्याला फॅट म्हणतात तो, मोठ्या प्रमाणात तंतूंच्या किण्वनातून निघणाऱ्या ॲसिटिक आम्लापासून बनतो. तंतूंचे पचन बिघडले की फॅट उतरतो. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा मूळ दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, म्हणजे स्निग्धेतर घनपदार्थ, धरून ठरतो आणि त्याखाली घसरण झाली की पैसे कापले जातात. अशा वेळी पशुपालकाच्या पदरी दोन्हीकडून तोटा येतो, कारण खुराकाचा खर्च वाढतो आणि लिटरमागे मिळणारी रक्कम घटते. दूध उत्पादनाच्या एकूण खर्चात आहाराचा वाटा ६० ते ७० टक्के असताना ही चूक कोणत्याही गोठ्याला परवडणारी नाही.

घरचे खाद्य निकस असते, या आरोपात तथ्य कोठे आहे तेही सांगितले पाहिजे. ते निकस असते ते मोजमाप नसल्यामुळे. खुराक घमेल्याने मोजला जातो. परंतु घमेलेभर गव्हाचा कोंडा आणि घमेलेभर मक्याचा भरडा यांच्या वजनात दुपटीहून अधिक अंतर पडते, आणि ज्या दिवशी जे स्वस्त मिळाले ते कालवले गेल्याने गाईला एका आठवड्यात ऊर्जा भरपूर व प्रथिने तोकडी, तर पुढच्या आठवड्यात उलटे, असा आहार मिळतो. सूत्र अवघड नाही. मक्याचा भरडा ३२ किलो, सोयाबीनची पेंड २० किलो, सरकीची ढेप १५ किलो, तुरीची किंवा हरभऱ्याची चुनी १८ किलो, गव्हाचा कोंडा १२ किलो, खनिज मिश्रण २ किलो आणि मीठ १ किलो असे १०० किलो मिश्रण केले, तर त्यात प्रथिने २० टक्क्यांच्या आसपास बसतात, म्हणजे चांगल्या प्रतीच्या पोत्याच्या जवळपास. हे मिश्रण गाईच्या शरीरपोषणासाठी दीड किलो आणि त्याखेरीज दर अडीच ते तीन लिटर दुधामागे एक किलो या हिशेबाने द्यावे. दहा लिटर देणाऱ्या गाईला ते पाच ते साडेपाच किलो लागते. बाजारभावाप्रमाणे घटक बदलता येतात, पण बदल वजनाने आणि प्रथिनांचा हिशेब सांभाळून करावा लागतो.

या यादीतील खनिज मिश्रणाचे दोन किलो सर्वांत आधी वगळले जातात, कारण त्यांचा परिणाम दुसऱ्या दिवशीच्या दुधात दिसत नाही. पिकांच्या काडात स्फुरद फारच कमी असते आणि मराठवाड्याच्या काळ्या जमिनींत जस्ताची उणीव सर्वपरिचित आहे. जमिनीत जे नाही ते चाऱ्यात येत नाही. गाय माती चाटते, दावे किंवा चिंध्या चघळते, वेळेवर माजावर येत नाही, वारंवार उलटते, आणि मग दोन वेतांतील अंतर वाढून भाकड काळ लांबतो. हे सगळे गाईच्या जातीच्या किंवा रेतनाच्या खात्यावर मांडले जाते. मुळात भाकड गाईला सांभाळण्याचा खर्च खनिज मिश्रणाच्या खर्चाच्या कित्येक पट असतो.

सोयाबीनच्या बाबतीत तर जिल्ह्याच्या अर्थव्यवहारातील विसंगती डोळ्यांत भरते. १०० किलो सोयाबीनमधून साधारण १८ किलो तेल निघते आणि उरलेला बहुतेक भाग ४५ टक्क्यांच्या पुढे प्रथिने असलेली पेंड असतो. हिंगोलीचा शेतकरी दाणा विकतो, तो लातूरसारख्या ठिकाणच्या तेलगिरण्यांत जातो, आणि त्यातली पेंड पशुखाद्याच्या पोत्यातून चढ्या भावाने गोठ्यात परत येऊ शकते. २०२४-२५ च्या हंगामात क्विंटलला ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर असताना खुल्या बाजारात त्याहून कमी भावाने सोयाबीन विकले गेले. अशा वर्षी दोन-चार दुभत्या जनावरांच्या धन्याने थोडे सोयाबीन घरी ठेवून ते भाजून व भरडून आंबोणात वापरणे हिशेबाने पटणारे आहे. मात्र ते भाजलेच पाहिजे, कारण कच्च्या दाण्यात प्रथिनांचे पचन रोखणारा घटक असतो आणि युरिएझ नावाचे विकरही असते, त्यामुळे युरिया प्रक्रिया केलेल्या चाऱ्याबरोबर कच्चे सोयाबीन देणे धोक्याचे आहे. शिवाय दाण्यात तेल असल्याने सोयाबीन एकूण खुराकाच्या दहाव्या हिश्शाच्या आत ठेवावे.

विरुद्ध टोकाला एक दुसरा समज आहे आणि त्याचाही समाचार घेणे भाग आहे. घरचे ते सगळे शुद्ध आणि विकतचे ते सगळे भेसळीचे, असे मानणारे पोत्याला विरोध करतात, पण स्वतःच्या गोठ्यातील बुरशीकडे पाहत नाहीत. सोयाबीन काढणीला येते तेव्हाच परतीचा पाऊस येतो. भिजलेले भुसकट तसेच गंजीत रचले, ओलसर ढेप भिंतीला टेकवून ठेवली किंवा मका पुरेसा न वाळवता कोठीत भरला, तर त्यावर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. ते गाईच्या यकृतावर आघात करते, आणि त्याचा बदललेला अंश दुधात उतरतो. अन्नसुरक्षा नियमांनी दुधात त्याची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम इतकी कडक ठेवली आहे. ते उकळून जात नाही आणि धुऊन निघत नाही. बुरशी लागलेली ढेप चांगल्या ढेपेत थोडी थोडी मिसळून संपवण्याची पद्धत म्हणजे सगळ्याच खाद्यात विष पसरवणे होय. लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर दूर पोती रचणे, पेंड पंधरवड्यापुरतीच आणणे आणि शंका आली की ती खतात टाकणे, हीच घरच्या खाद्याच्या शुद्धतेची खरी अट आहे.

हिरव्या चाऱ्यावर येताच चर्चा पाण्यापाशी थांबवली जाते. ज्या वसमत तालुक्यात ठिबकवर हळद उभी राहते आणि जिथल्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेथे गाईसाठी पाणी नाही हे म्हणणे टिकत नाही. संकरित नेपियर गवत चांगल्या व्यवस्थापनात हेक्टरी वर्षाला १०० ते १५० टन हिरवा चारा देते, म्हणजे गुंठ्याला एक ते दीड टन. एका गाईला रोज २० किलो या हिशेबाने वर्षाला सव्वासात टन लागतो, तो पाच ते सात गुंठ्यांत निघतो. या गवतात प्रथिने ८ ते १० टक्के असतात, तर लसूणघास, दशरथ घास आणि शेवरी या शेंगवर्गीय चाऱ्यांच्या कोरड्या वजनात ती १८ ते २० टक्क्यांपर्यंत जातात. म्हणून शेतकऱ्याने बांधावर शेवरी आणि कडेच्या दोन सऱ्यांत दशरथ घास लावला, तर शेंगवर्गीय हिरव्या चाऱ्याच्या दर आठ ते दहा किलोंमागे एक किलो खुराक वाचवता येतो. सुबाभूळ उपयुक्त आहे, पण त्यातील मायमोसिन या घटकामुळे ती हिरव्या चाऱ्याच्या एक तृतीयांशावर नेऊ नये. वाढ्यांमध्ये ऑक्झालेट असल्याने ती शरीरातील चुना बांधून ठेवतात, तेव्हा पूर्णाकाठच्या गोठ्यांनी हंगामभर एकट्या वाढ्यांवर गाय ठेवण्याची सवय सोडावी.

सेनगाव आणि औंढ्याच्या माळावरील कोरडवाहू शेतकऱ्याला हा सल्ला पुरत नाही, हे मान्य आहे. त्याच्यासाठी खरिपाचे चार महिने आहेत. मका किंवा चाऱ्याची ज्वारी चवळीबरोबर पेरून मक्याचा दाणा चिकात असताना कापावी, कुट्टी करून दाबून हवाबंद ठेवावी. ४५ दिवसांत मुरघास तयार होतो आणि नीट झाकलेला असला तर उन्हाळ्यापर्यंत टिकतो. कापणीची वेळ येथे निर्णायक असते, कारण कोवळ्या मक्यात पाणी जास्त असल्याने मुरघास आंबट-चिकट होऊन सडतो आणि जून मक्यात हवा राहून बुरशी धरते. ज्वारीच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी: पावसाने ओढ दिली आणि पीक फुलोऱ्यापूर्वीच सुकू लागले तर त्या कोवळ्या पाल्यात सायनाइडयुक्त विष साठते, जनावराला किराळ लागते आणि ते तासाभरात दगावू शकते. म्हणून फुलोऱ्याआधी ज्वारी जनावरापुढे टाकू नये, आणि आवर्षणाने करपलेली तर मुळीच नाही.

उरला गाईच्या जातीचा प्रश्न. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोलीच्या पट्ट्यातील लाल कंधारी एका वेतात सरासरी ६०० किलोच्या आसपास दूध देते, हा आकडा तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे केला जातो. पण ही सरासरी प्रामुख्याने चराई, कडबा आणि भुसकट यांवर राहिलेल्या गाईंची आहे. भरपूर आहारावर ती संकरित गाईची बरोबरी करील असा दावा येथे नाही, मात्र अर्धपोटी गाईच्या दुधावरून जातीची कुवत ठरवणे शास्त्राला धरून नाही. उलट, अशाच गव्हाणीत दिवसाला पंधरा-वीस लिटर देऊ शकणारी संकरित गाय आणून बांधली, तर तिची गरज मोठी असल्याने ती अधिक लवकर खचते, माजावर येत नाही, आणि कर्ज फिटण्याआधी विकावी लागते. राज्य शासनाने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात पहिल्या टप्प्यातील ११ ऐवजी सर्व १९ जिल्हे आले असून त्यात दुधाळ जनावरांचे वाटप आहे, तसेच कडबाकुट्टी यंत्र आणि बहुवार्षिक चाऱ्यालाही साहाय्य आहे. हिंगोलीत या घटकांचा क्रम महत्त्वाचा ठरेल: ज्या गोठ्यात आधी कुट्टी यंत्र, चाऱ्याचे पाच गुंठे आणि वजनकाटा आला आहे, तेथेच गाय पोहोचावी.

घरच्या खाद्याला वेळ कोणाकडे आहे, हा शेवटचा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे. चारा कापणे, वाहणे, आंबोण कालवणे ही कामे बहुतेक घरांत बायका करतात आणि त्यांच्या श्रमाचा मोबदला दुधाच्या हिशेबात धरलाच जात नाही. त्यांच्यावर आणखी एक काम लादणारी सुधारणा टिकणार नाही. परंतु महिन्यातून एकदा १०० किलो मिश्रण करून ठेवणे हे रोज अंदाजाने कालवण्यापेक्षा कमी कष्टाचे आहे, विजेवरचे कुट्टी यंत्र विळ्याचे श्रम वाचवते, आणि बांधावरची शेवरी डोक्यावरून लांबून आणाव्या लागणाऱ्या भाऱ्याची वाट तोडते. कळमनुरी तालुक्यातील तोंडापूरचे कृषी विज्ञान केंद्र, तसेच परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ व परभणी शहरातील पशुवैद्यक महाविद्यालय जिल्ह्याच्या हाकेच्या अंतरावर आहेत. त्यांनी खाद्य मिश्रणाचे आणि युरिया प्रक्रियेचे प्रशिक्षण ज्यांच्या हातून ते काम होते त्या बायकांना, त्यांच्याच गावात आणि मळणीच्या आधी द्यावे. जेथे दूध मोजले जाते त्या प्रत्येक संकलन केंद्राने पोत्यांच्या थप्पीशेजारी खनिज मिश्रण सुटे विकायला ठेवावे, मक्याचा, ढेपेचा आणि चुनीचा त्या आठवड्याचा भाव फळ्यावर लिहावा, आणि फॅट उतरलेल्या सभासदाचे पैसे कापण्यापूर्वी त्याच्या गाईच्या गव्हाणीत काय पडते याची चौकशी करावी.